बाईक चोरीला जाऊ नये म्हणून काय काय करायचं (पुण्यात नवीन आलेल्यांसाठी, हँडल लॉकच्या पुढचं सगळं)

माझी बाईक कर्वेनगरमधल्या भाड्याच्या खोलीखालून गेली. रात्री साडेअकराला हँडल लॉक करून वर गेलो, दोनदा हलवून पण बघितलं लॉक लागलंय का, आणि सकाळी सातला खाली आलो तर जागा रिकामी. शेजारच्या दोन गाड्या जशाच्या तशा उभ्या. वडिलांनी मला कॉलेजसाठी घेऊन दिलेली शंभर सीसीची गाडी होती, अंबाजोगाईहून मी स्वतः चालवत आणली होती, त्यामुळे पैशांपेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटलं. त्यानंतर दोन-तीन महिने पोलीस स्टेशन, इन्शुरन्स, आरटीओ असं फिरण्यात गेले आणि दुसरी गाडी घेतल्यावर मी डिस्क लॉक, साखळी, अलार्म, जीपीएस सगळं एकेक करून लावून बघितलं. काही उपयोगी पडलं, काही काढून टाकलं. शिकायला किंवा नोकरीला नवीन आलेली मुलं मला हेच विचारतात म्हणून सगळं एका जागी लिहितोय, क्रमाने वाचा, कारण कुठे आधी पैसे घालायचे हा क्रमच महत्त्वाचा आहे.

१. आधी गाडी जाते कशी ते समजून घ्या

बहुतेकांना वाटतं चोर म्हणजे डुप्लिकेट चावी लावून गाडी चालू करून निघून जातो. तसं होतं पण तेवढंच नाही. हँडल लॉकच्या आत बोटाच्या पेरापेक्षा लहान एक पिन असते, ती जोराच्या एका झटक्यात तुटते, आणि त्याला काही सेकंदच लागतात. पुढे गाडी चालू करायलाच पाहिजे असं पण नाही. एक जण तुमच्या गाडीवर बसतो, दुसरा आपल्या गाडीवरून तिच्या फूटरेस्टला पाय लावून ढकलत नेतो. पेट्रोल संपल्यावर मित्राला आपण असंच पंपापर्यंत नेतो ना, अगदी तसंच, त्यामुळे रस्त्यावर कोणाला संशय पण येत नाही. आणि गाडी हलकी असेल तर दोघंतिघं मिळून सरळ टेम्पोत टाकतात.

म्हणजे तुम्हाला तीन गोष्टी अडवायच्या आहेत: चाक फिरणं, इंजिन चालू होणं आणि गाडी उचलली जाणं. कुठलंही एक लॉक ह्या तिन्ही गोष्टी अडवत नाही. दुकानदार सांगतो की हे एक लावा आणि निवांत झोपा, ते खरं नाही.

अजून एक, जुन्या आणि खूप चालणाऱ्या मॉडेलना चोर जास्त धरतात कारण गावाकडे तीच गाडी लगेच विकली जाते आणि पार्ट सुटे करून पण खपतात. त्यामुळे 'माझी जुनीच तर आहे, कोण नेणार' असं म्हणू नका, मी हेच म्हणायचो.

२. रात्री गाडी कुठे उभी असते ते बघा

लॉक घेण्याआधी हे. दिवसा ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी आठ तास असते, पण माणसं येत-जात असतात. रात्री एक ते पाच मध्ये तीच गाडी एकटी असते. त्यामुळे खर्च आधी रात्रीच्या जागेवर.

खोली भाड्याने घेताना आपण पाणी किती वाजता येतं ते विचारतो तसं पार्किंगचं पण विचारा. गेट रात्री लावतात का, आणि त्याला कुलूप असतं का नुसती कडी? वॉचमन आहे का, असेल तर रात्रीचा आहे का फक्त दिवसाचा? कॅमेरा असेल तर त्याचं रेकॉर्डिंग चालू आहे का हे मालकाला प्रत्यक्ष दाखवायला सांगा. आमच्या बिल्डिंगला कॅमेरा होता, लाईट पण लुकलुकत होता, पण आतली हार्ड डिस्क कित्येक महिने बंद होती हे मला चोरी झाल्यावर कळलं.

गाडी लावताना भिंतीकडे तोंड करून, दोन गाड्यांच्या मध्ये, गेटपासून लांब आणि दिव्याखाली. कव्हर टाका. दोन-चारशे रुपयांचं साधं कव्हर असलं तरी लांबून कुठलं मॉडेल आहे आणि कुठलं लॉक लावलंय ते दिसत नाही आणि चोराचं काम एकाने वाढतं. गणपतीत पेठांमध्ये जाताना गाडी कुठेतरी बोळात लावून रात्रभर देखावे बघत फिरू नका, घरी लावून बसने किंवा मेट्रोने जा, एवढ्या गर्दीत कोण कोणाची गाडी ढकलतंय हे कोणाच्याच लक्षात येत नाही.

३. चावी आणि लॉक सेट

गाडी सेकंडहँड घेतली असेल तर हे पहिलं काम. आधीच्या मालकाकडे, त्याच्या भावाकडे, त्याच्या मेकॅनिककडे कुठे कुठे चावी असेल सांगता येत नाही. आणि सात-आठ वर्षं वापरलेलं इग्निशन लॉक आतून एवढं झिजतं की दुसऱ्याच गाडीची चावी थोडी हलवली की फिरते. स्वतः तपासा: चावी अर्धवट बाहेर काढून पण फिरते का, किंवा चालू गाडीत चावी निघून येते का? येत असेल तर लॉक सेट बदलायचा. सेटमध्ये इग्निशन, पेट्रोल टाकीचं झाकण आणि साईड कव्हर किंवा सीटचं लॉक येतं. पुण्यात नाना पेठेत स्पेअर पार्टची दुकानं ओळीने आहेत, तिथे कंपनीचा सेट मागा, फार स्वस्तातला कॉपी सेट घेऊ नका, त्याच्या पितळी पट्ट्या पहिल्याच पावसाळ्यात अडकायला लागतात.

नवीन गाडीच्या चावीसोबत पुष्कळदा नंबर असलेली एक छोटी पट्टी असते, त्या नंबरवरून चावी बनते. ती किचेनला लटकवून फिरू नका, घरी ठेवा. दुसरी चावी पण घरीच, आणि कुठे ठेवली ते लक्षात ठेवा, इन्शुरन्सवाले दोन्ही चाव्या मागतात. एक हरवली असेल तर क्लेमच्या वेळी 'दुसरी कुठे गेली' ह्या प्रश्नावर पत्रं लिहीत बसावं लागतं.

४. डिस्क लॉक, पण बघून घ्या

डिस्क ब्रेक असलेल्या गाडीला हे सगळ्यात सोयीचं. डिस्कच्या भोकातून पिन जाते आणि चाक फिरायला लागलं की लॉक कॅलिपरला (डिस्कला चिमटीत धरणारा ब्रेकचा भाग) अडतं. ढकलत न्यायचा प्रकार ह्याने थांबतो.

घेताना पिनची जाडी बघा. ५-६ मिमीची पिन जवळपास सगळ्या डिस्कमध्ये बसते पण ती कमजोर, १० मिमीची दणकट, पण तुमच्या डिस्कची भोकं तेवढी मोठी पाहिजेत, म्हणून गाडी घेऊनच दुकानात जा किंवा घरी पट्टीने भोक मोजून जा. लावताना कॅलिपरच्या अगदी जवळच्या भोकात लावा म्हणजे चाक जरासुद्धा फिरणार नाही. लांब लावलं तर चाकाला अर्धा फेरा मिळतो आणि त्या झटक्याने कॅलिपर नाहीतर लॉक काहीतरी एक तुटतं. एबीएसच्या (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी सोय) गाडीत डिस्कजवळ दात्यांची एक रिंग असते, लॉक तिला टेकत नाही ना ते पण बघा.

आता सगळ्यात मोठा धोका, आणि तो चोराचा नाही. लॉक काढायचं विसरून गाडी काढणं. माझ्या रूममेटने असंच केलं, सकाळी घाईत पहिला गिअर टाकून क्लच सोडला, गाडी जागेवर आडवी झाली, लिव्हर तुटला आणि त्याचं मनगट तीन आठवडे प्लास्टरमध्ये होतं. म्हणून लॉकसोबत ती भडक रंगाची गुंडाळलेली केबल मिळते, ती लॉकपासून हँडलच्या ग्रिपपर्यंत लावायचीच. रोज. नसेल मिळाली तर वेगळी घ्या, शंभर-दीडशेला मिळते.

अलार्मवालं डिस्क लॉक पण येतं, गाडी हलवली की ओरडतं. आत बटण सेल असतात. ते मला नवख्या माणसासाठी सगळ्यात चांगलं वाटतं कारण गाडीचं वायरिंग छेडावं लागत नाही आणि खोली बदलली, गाडी बदलली तरी लॉक आपल्यासोबत येतं. पण पावसाळ्यात सेल आणि आतलं सर्किट ओलं होऊन मध्येच ओरडतं किंवा गप्प होतं, जून ते सप्टेंबर त्यावर छोटी प्लॅस्टिकची पिशवी बांधत जा आणि महिन्यातून एकदा मुद्दाम हलवून वाजतंय का बघा.

ड्रम ब्रेकची गाडी असेल तर डिस्क लॉकचा प्रश्नच नाही, सरळ पुढच्या मुद्द्यावर या.

५. साखळी आणि ती कशाला बांधायची

गाडी उचलून टेम्पोत टाकण्यापासून वाचवणारी गोष्ट एकच, ती म्हणजे गाडी जमिनीला किंवा भिंतीला बांधलेली असणं. चाकात साखळी घालून तिचेच दोन टोक कुलुपात अडकवले तर चाक फिरत नाही एवढंच, गाडी उचलता येतेच.

साखळी कशी घ्यायची: वरून कापडाची किंवा रबराची नळी असते त्यामुळे जाडी कळत नाही, नळी मागे सारून कडी बघा. ८ मिमीच्या खाली घेऊ नका, १० मिमी किंवा जास्त असेल तर हाताच्या बोल्ट कटरला ती चांगलीच जड जाते. कडक केलेल्या पोलादाची पाहिजे, हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळणारी साधी लोखंडी साखळी मऊ असते. चौकोनी कडीची असेल तर अजून चांगलं, कटरची धार तिच्यावर नीट बसत नाही. हजार ते तीन हजारापर्यंत खर्च येईल. वायररोपचं लॉक, म्हणजे ते सायकलवालं, बाईकला घेऊ नका, ते पक्कडीच्या मोठ्या भावानेच कापलं जातं, हेल्मेट अडकवायला ठीक आहे. बॅटरीवरच्या ग्राइंडरपुढे कुठलीच साखळी कायमची टिकत नाही हे पण सांगून ठेवतो, पण ग्राइंडरचा आवाज आणि ठिणग्या रात्री दोन वाजता अख्ख्या बिल्डिंगला उठवतात, आणि आपल्याला हवं असतं तेच, की त्याला वेळ लागावा आणि आवाज व्हावा.

कुलूप साखळीएवढंच मजबूत पाहिजे. लोक दोन हजाराची साखळी घेतात आणि तिला दीडशेचं कुलूप लावतात. ज्याची वरची कडी जवळपास झाकलेली असते असं कुलूप घ्या म्हणजे कटर आत घुसत नाही. लावताना चावीचं भोक खाली तोंड करून, पाणी साचत नाही. आत तेल सोडू नका, तेलावर धूळ बसून चिखल होतो, ग्रॅफाइटची पावडर घाला.

बांधताना साखळी मागच्या चाकातून आणि स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणारा दांडा) आतून किंवा थेट फ्रेममधून काढा. पुढच्या चाकाला बांधलं तर चाक सोडून बाकीची गाडी नेता येते, एक नट खोलला की झालं. साखळी जमिनीवर लोळत ठेवू नका, जमिनीचा आधार मिळाला की कटरचा एक दांडा जमिनीवर टेकवून सगळं वजन टाकता येतं, हातोडा पण मारता येतो. वर ताणून, गुडघ्याच्या उंचीला.

कशाला बांधायची हा खरा प्रश्न. पार्किंगमध्ये लोखंडी रेलिंग किंवा गेटचा खांब असेल तर उत्तम, पण तो काँक्रीटमध्ये गाडलेला आहे ना हे हलवून बघा. काही नसेल तर जमिनीत कडी बसवून घ्या, त्याला ग्राउंड अँकर म्हणतात. पण मालकाला आणि सोसायटीला लेखी विचारल्याशिवाय ड्रिल लावू नका. पुण्यात कितीतरी सोसायट्यांची पाण्याची टाकी पार्किंगच्या खालीच असते, तिथे ड्रिल मारलं तर गाडी राहील बाजूला आणि तुम्ही टाकीच्या स्लॅबची भरपाई भरत बसाल. बिल्डिंगच्या कॉलमला तर कधीच भोक पाडू नका. आम्ही चौघांनी मिळून मालकाशी बोललो, त्यांनी भिंतीलगत एक जाड पाईप दोन्ही टोकांना काँक्रीट करून बसवून दिला, खर्च वाटून घेतला, आता सहा गाड्या त्यालाच बांधतात. मालक सहसा नाही म्हणत नाहीत, विचारत कोणी नाही.

६. अलार्म बसवताना

दोन प्रकार. एक म्हणजे डिस्क लॉकमधला, तो वर झाला. दुसरा गाडीच्या बॅटरीवर चालणारा, रिमोटवाला: एक छोटा डबा, एक सायरन, एक शॉक सेन्सर आणि दोन रिमोट. गाडीला धक्का लागला की सायरन, आणि इग्निशन चालू करायचा प्रयत्न केला तर पुष्कळ अलार्म इंजिनची लाईन पण तोडतात.

काय लागेल: अलार्म किट, वेगळा फ्यूज, इन्सुलेशन टेप, झिप टाय आणि चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. नेहमीचा मेकॅनिक आणि वायरिंगवाला ह्यात फरक आहे. नीट काम करणारा माणूस वायर सोलून पिळून टेप मारत नाही, कपलर वापरतो, नाहीतर सोल्डर करून वरून स्लीव्ह चढवतो. फ्यूज बॅटरीच्या जवळ पाहिजे, लांब नाही, कारण मधली वायर कुठे घासून शॉर्ट झाली तर आग लागू शकते.

१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस सहा (धुराचे नवे नियम पाळणाऱ्या) गाड्यांपैकी बहुतेकांना इंधन इंजेक्शन आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर) असतं, तिथे मुख्य वायरिंग कापायला कोणालाच देऊ नका, वॉरंटीचा प्रश्न येतो आणि चुकीची वायर जोडली तर ईसीयू जातो, जो अलार्मच्या कितीतरी पट महाग आहे. सर्व्हिस सेंटरला आधी विचारा, नाहीतर डिस्क लॉकवालाच अलार्म वापरा.

रिमोटने इंजिन चालू करायची सोय असलेला अलार्म घेऊ नका. घेतला असेल तर ती वायर जोडू नका. गाडी गिअरमध्ये राहिली आणि खिशात बटण दाबलं गेलं तर गाडी झेप घेऊन पडते, समोर लहान मूल असलं तर काय होईल विचार करा.

बॅटरीचा हिशेब कोणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. अलार्म नुसता जागा राहायला पण थोडा करंट खातो. समजा १० मिलीअँपिअर. म्हणजे दिवसाला ०.२४ अँपिअर-अवर. छोट्या बाईकची बॅटरी ३ ते ५ अँपिअर-अवरची असते. दिवाळीत पंधरा दिवस गावी गेलात तर ३.६ अँपिअर-अवर संपले, म्हणजे ३ ची बॅटरी पूर्ण मेली आणि ५ ची पण सेल्फ मारण्यापलीकडे गेली. आणि बॅटरी मेली म्हणजे अलार्म पण मेला, नेमका तुम्ही नसताना. जास्त दिवस जाणार असाल तर अलार्मच्या भरवशावर राहू नका, साखळी लावा आणि शेजाऱ्याला सांगून जा. ज्या सायरनमध्ये स्वतःची छोटी बॅटरी असते तो घेतला तर गाडीच्या बॅटरीची वायर काढली तरी वाजतो, थोडे पैसे जास्त पडतात पण तोच घ्या.

सेन्सिटिव्हिटी. पहिल्या आठवड्यात मी एकदम वर ठेवली होती, ट्रक गेला की वाजायचा, मांजर बसलं की वाजायचा, लक्ष्मीपूजनाच्या रात्री तर फटाक्यांनी थांबेचना. तिसऱ्या रात्रीपासून बिल्डिंगमधलं कोणीच खिडकीतून बघेना आणि शेवटी मला पण उठावंसं वाटेना. असा अलार्म काही कामाचा नाही. हाताच्या तळव्याने सीटवर थाप मारली की फक्त एकदा चिवचिव करेल आणि गाडी स्टँडवरून हलवली की पूर्ण वाजेल एवढं ठेवा. स्क्रू असतो किंवा रिमोटवरून सेट होतं. आणि शेजाऱ्यांना आवाजाची ओळख करून द्या, एकदा दिवसा वाजवून दाखवा की हा माझ्या गाडीचा, रात्री वाजला तर मला फोन करा. ह्या एका गोष्टीने अलार्मची किंमत वसूल होते.

७. छुपा स्विच

इग्निशनच्या लाईनमध्ये एक छोटा स्विच टाकून तो सीटखाली किंवा साईड कव्हरच्या आत लपवायचा, तो बंद असला की चावी फिरवली तरी गाडी चालू होत नाही. दोनशे-तीनशेत काम होतं. वर ईसीयूबद्दल लिहिलं तेच इथे पण लागू. वॉटरप्रूफ स्विच घ्या, नाहीतर पावसात चालत्या गाडीत स्पार्क जाऊन सिंहगड रोडवर मधोमध थांबाल. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोलचा कॉक बंद करून ठेवायची सवय लावली तरी थोडं अंतर जाऊन गाडी बंद पडते. पण पाय लावून ढकलत नेणाऱ्यापुढे हे दोन्ही चालत नाहीत, म्हणून फक्त ह्याच्यावर थांबू नका.

८. जीपीएस ट्रॅकर

जीपीएस चोरी थांबवत नाही, चोरी झाल्यावर गाडी कुठे आहे ते सांगतो. हे डोक्यात पक्कं असेल तरच पैसे घाला.

त्यात सिम असतं, ते रिचार्ज संपलं की डबा मुका. किती जणांनी पहिल्या वर्षाचं फुकट सबस्क्रिप्शन संपल्यावर भरलंच नाही, आणि गाडी गेल्यावर ॲप उघडलं तर दोन महिन्यांपूर्वीचं लोकेशन. रिचार्जची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका. बेसमेंटमध्ये जीपीएसचा सिग्नल मिळत नाही, तिथे शेवटचं लोकेशन दिसतं. डबा लोखंडाच्या खाली नको, वर प्लॅस्टिक असेल तिथे बसवा, आणि सीट उघडली की पहिला दिसेल असा पण नको.

इंजिन बंद करायचा रिले (लांबून चालणारा छोटा स्विच) ज्याच्यात असतो त्यात गाडी थांबलेली किंवा अगदी हळू असतानाच लाईन तुटेल असं सेटिंग असेल तरच तो वापरा. चालती गाडी हायवेवर बंद पाडणं म्हणजे कोणाचा तरी जीव घेणं, चोर असला तरी, आणि मागून येणारे तर चोर पण नाहीत.

ब्लूटूथचे छोटे टॅग स्वस्त आहेत, पण ते आजूबाजूच्या लोकांच्या फोनवरून लोकेशन पकडतात, म्हणून शहरात ठीक आणि गाडी आडगावी गेली की गप्प. शिवाय अनोळखी टॅग आपल्यासोबत फिरतोय असा मेसेज पुष्कळ फोनवर येतो, तो चोराला पण येऊ शकतो.

आणि लोकेशन दिसलं म्हणून मित्रांना घेऊन स्वतः जाऊ नका. पोलिसांना लाईव्ह लोकेशन दाखवा आणि त्यांच्यासोबत जा.

९. कागद आत्ताच तयार ठेवा

हे वाचताना कंटाळा येईल पण माझं सगळ्यात जास्त नुकसान इथे झालं.

१ सप्टेंबर २०१८ पासून नवीन दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर) इन्शुरन्स घ्यावाच लागतो. त्यामुळे आपल्याला वाटतं पाच वर्षं बघायला नको. पण चोरीची भरपाई थर्ड पार्टीतून मिळत नाही, ती ओन डॅमेजमधून (आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा इन्शुरन्स) मिळते, आणि ओन डॅमेज पुष्कळदा पहिल्या एकाच वर्षाचं असतं. माझ्या एजंटने 'पाच वर्षांचा आहे, निवांत रहा' एवढंच सांगितलं होतं. गाडी गेली तेव्हा ओन डॅमेज संपून चौदा महिने झाले होते आणि मला एक रुपया मिळाला नाही. आत्ता पॉलिसी उघडा, दोन वेगवेगळ्या तारखा असतील, ओन डॅमेजची तारीख बघा.

त्यातच आयडीव्ही (कंपनीने धरलेली गाडीची आजची किंमत) लिहिलेली असते, गाडी चोरीला गेली तर जास्तीत जास्त तेवढे मिळणार. ती वयाप्रमाणे कमी होते: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५० टक्के. म्हणजे ८० हजाराच्या गाडीची अडीच वर्षांनी ५६ हजार. प्रीमियम शे-दोनशेने कमी करायला एजंट आयडीव्ही खाली आणतात, आणू देऊ नका.

घरी एका फाईलमध्ये आणि फोनमध्ये पण ठेवायचं ते असं:

- आरसी (डिजीलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये पण घ्या, तपासणीला ते चालतं, मूळ कार्ड गाडीत ठेवू नका)
- पॉलिसीची पूर्ण पीडीएफ, फक्त पहिलं पान नाही
- गाडी खरेदीचं बिल, लॉक आणि अलार्मची बिलं
- चेसिस नंबर आणि इंजिन नंबरचा फोटो. चेसिस नंबर १७ अंकी-अक्षरी असतो आणि सहसा हँडलच्या खाली फ्रेमच्या मानेवर कोरलेला असतो, कापडाने पुसून मोबाईलच्या टॉर्चमध्ये फोटो काढा
- गाडीचे चारही बाजूंनी फोटो, ओरखडे आणि स्टिकरसकट
- दोन्ही चाव्या

१ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल आणि एचएसआरपी (सरकारी हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट अजून बसवली नसेल तर बसवून घ्या. ती एकदाच बसणाऱ्या लॉकने लागते आणि तिच्यावर लेझरने कोरलेला नंबर असतो, त्यामुळे काढून दुसऱ्या गाडीला लावणं अवघड जातं.

गाडी विकायला काढली असेल तर एक सांगतो: ट्रायल मारायला देताना मागे स्वतः बसा. आधार कार्ड ठेवून घेतलं म्हणजे झालं असं समजू नका, ते कार्ड खोटं निघतं.

१०. एवढं करून गेलीच तर

पहिली दहा मिनिटं: टोइंगने तर नेली नाही ना? रस्त्यावर लावली असेल तर जवळच्या ट्रॅफिक चौकीत विचारा, तिथल्या टपरीवाल्याला विचारा. सोसायटीतून गेली असेल तर हा प्रश्न नाही, सरळ ११२.

मग कॅमेरे. समोरचं मेडिकल, कोपऱ्यावरचं किराणा, शेजारची बिल्डिंग, सगळीकडे जाऊन हात जोडून फुटेज मागा, नाही दिलं तर निदान जपून ठेवायला सांगा, कारण रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. पोलीस येईपर्यंत थांबू नका.

पोलीस स्टेशनला एफआयआर घ्या. नुसत्या अर्जावर शिक्का मारून मिळाला किंवा गहाळ झाल्याचा दाखला मिळाला तर तो इन्शुरन्सला चालत नाही. १ जुलै २०२४ पासून चोरीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) खाली लागतो, कॉपीवर तो आकडा बघा. एफआयआरची कॉपी फुकट मिळते, तो तुमचा हक्क आहे. नवीन कायद्यात तक्रार इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पण देता येते, फक्त तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरमध्ये चेसिस आणि इंजिन नंबर एकेक अक्षर जुळवून बघा, माझ्यात एक अक्षर चुकलं होतं आणि ते दुरुस्त करायला तीन फेऱ्या झाल्या.

त्याच दिवशी इन्शुरन्स कंपनीला फोन आणि ईमेल, दोन्ही. उशीर झाला म्हणून क्लेम नाकारला तर लगेच हार मानू नका, एफआयआर वेळेत असेल तर फक्त कंपनीला उशिरा कळवलं ह्या कारणाने क्लेम नाकारता येत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलंय. पण त्या भांडणात पडण्यापेक्षा आजच ईमेल टाका. लोन असेल तर बँकेला आणि आरटीओला पण लेखी कळवा, पोच घ्या.

क्लेमला पुढे एफआयआर, आरसी, पॉलिसी, दोन्ही चाव्या, सही केलेले फॉर्म २८, २९, ३० (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे आरटीओचे फॉर्म) आणि पोलिसांचा अंतिम अहवाल लागतो. आपल्याकडे त्याला 'अ समरी' म्हणतात, म्हणजे गुन्हा खरा आहे पण चोर सापडला नाही. ती कोर्टातून मंजूर व्हायला महिने लागतात, त्यामुळे दर पंधरा दिवसांनी तपास अधिकाऱ्यांना नम्रपणे विचारत रहा.

दरम्यान गाडीच्या नंबरवर ई-चलन आलंय का ते महाराष्ट्र ट्रॅफिकच्या साईटवर आठवड्यातून एकदा बघा. चोराने सिग्नल तोडला तर जागा, वेळ आणि फोटो सगळं येतं, ते लगेच पोलिसांना द्या. आणि ते चलन तुमच्या माथी बसू नये म्हणून एफआयआरची कॉपी जोडून तक्रार टाका.

गाडी सापडली तर ती पोलीस स्टेशनच्या आवारातून सरळ घरी आणता येत नाही, कोर्टात अर्ज करून सुपुर्तनाम्यावर (गाडी ताब्यात घेताना लिहून द्यायचा कागद) सोडवावी लागते, आणि तिथे नंबर प्लेट नाही तर चेसिस नंबर बघतात, म्हणून तो फोटो. क्लेमचे पैसे घेतले असतील तर आधी कंपनीला कळवा, गाडी आता त्यांची आहे. घेतले नसतील तर सोडवायला जाताना मेकॅनिक सोबत न्या, बॅटरी, ब्रेकच्या केबली, वायरिंग बघा, आणि घरी आणून पुन्हा त्याच पार्किंगमध्ये लावायच्या आधी लॉक सेट बदला, जुन्या लॉकची चावी अजून कोणाकडे तरी असू शकते.